बालाघाटात डोंगर चालणाऱ्यांसाठी निवारे बांधायचेत : काय वापरू, कसं बांधू?

माळावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, सौताड्याच्या दरीपासून पायी तासाभरावर आमचं साडेतीन एकर रान आहे. रान कसलं, मुरमाड माळच. आजोबा होते तोवर बाजरी आणि हुलगा व्हायचा, आता बरीच वर्षं नुसतं गवत. विंचरणा नदी दरीत उडी घेते तिथं पावसाळ्यात झुंबड उडते, पण मी त्या गर्दीबद्दल बोलत नाही. पाठीवर पिशवी टाकून बालाघाटाच्या कडेकडेनं दोन-दोन दिवस चालणारी पोरं-पोरी हल्ली दिसतात. त्यांना मुक्कामाला जागा नाही. देवळाच्या ओवरीत नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात अंग टाकतात. मुलींची तर फारच अडचण होते.

म्हणून तीन छोटे निवारे बांधायचं मनात आहे. प्रत्येकात चार माणसं, एका रात्रीपुरती. हॉटेल नाही, टीव्ही नाही, संगीत नाही. निसर्गाला धरून असावं एवढीच इच्छा.

नकाशा मीच काढलाय. परदेशात असतात तशी उभ्या तिकोनी छपराची लाकडी केबिन, जमिनीपर्यंत उतरणारं छप्पर, पाईनचं लाकूड, आणि दरीकडच्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच. दरी पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्यास्त अंथरुणातून दिसेल. एका ठिकाणी तयार सांगाड्याचा भाव विचारून ठेवलाय. पैसे देण्याआधी जाणत्यांशी बोलावं म्हणून हा धागा. मोकळेपणानं सांगा.

गौताळाकर

भाऊ, आधी मनापासून अभिनंदन. आमच्या कन्नडकडे डोंगर आहे, अभयारण्य आहे, लेणी आहेत, पण साधा मुक्काम मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. तुमचा हेतू सोन्यासारखा आहे.

पण नकाशा आपल्या मुलखाचा नाही. ते उभं तिकोनी छप्पर बर्फ घसरून खाली पडावा म्हणून असतं. आपल्याकडे छपराचं काम ऊन अडवायचं आहे, आणि तुमच्या नकाशात भिंती नाहीतच, सगळं छप्परच आहे. म्हणजे घराचं सगळं अंग उन्हाला दिलेलं. त्यात पश्चिमेला काच. फेब्रुवारी संपला की दुपारी तीननंतर तिथं कोणी बसू शकणार नाही. आणि पाईन बंदरावर उतरून ट्रकनं पाटोद्याला येणार, त्याला निसर्गाला धरून कसं म्हणायचं?

डोंगरात राहण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. आमच्याकडच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना एकदा पावसात जाऊन बघा. बौद्ध भिक्षूंनी वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, खोदलेले विहार ते. खडकातून आत झिरपणारं पाणी त्यांनी कोरलेल्या नळीतून बाहेर काढून पाच फण्यांच्या नागाच्या तोंडून सोडलंय. पाणी अडवत बसले नाहीत, त्याला वाट दिली. लेण्यांशेजारी पिण्याच्या पाण्याच्या पोढी, म्हणजे खडकात खोदलेल्या टाक्या, असतात, त्याही बघा. मुक्कामाची जागा ठरवताना त्यांनी आधी पाणी आणि ऊन पाहिलं, हे तिथं उभं राहिलं की कळतं.

रेषा_आणि_भिंत

मी वास्तुरचनाकार आहे, संभाजीनगरला काम करते. गौताळाकरांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा.

'निसर्गापासून प्रेरणा' म्हटलं की लोक पानाच्या आकाराचं छप्पर करतात, नाहीतर शिंपल्यासारखी खोली. तो नुसता आकार झाला. झाड, पाखरू, किडा त्याच जागेवरच्या त्याच अडचणीवर काय उपाय करतो, ते शिकायचं. माळावरच्या दादा, तुमच्या अडचणी चार : ऊन, पावसाळी वारा, पाण्याची टंचाई आणि उधई. या चौघांशी तुमच्या रानातले जीव कधीपासून झुंजतायत.

वारूळ घ्या. झिंबाब्वेची राजधानी हरारे इथं ईस्टगेट नावाची मोठी इमारत १९९६ मध्ये उभी राहिली. मिक पिअर्स या वास्तुरचनाकारानं ती वारुळावरून सुचलेल्या विचारावर बांधली. रात्रीची गार हवा इमारतीच्या जड अंगातून खेळवायची, ते अंग गार करून ठेवायचं आणि दिवसा त्या गारव्यावर भागवायचं. नेहमीच्या मोठ्या वातानुकूलन यंत्राशिवाय ती चालते. पुढच्या अभ्यासात दिसलं की वारुळाचं काम तेव्हा समजलं होतं त्याहून वेगळं आहे. २०१५ साली बंगळूरच्या वारुळांत मोजमाप करून संशोधकांनी दाखवलं की दिवसा वारुळाच्या बाहेरच्या कडा तापतात आणि त्यांतल्या पोकळ्यांतून हवा वर चढते, मधून खाली उतरते. रात्री कडा गार पडल्या की हेच चक्र उलटं फिरतं. म्हणजे दिवसरात्रीच्या तापमानातला फरक हेच त्याचं इंजिन. आपल्याकडे तो फरक भरपूर आहे. एप्रिलात दुपारी चाळिशी ओलांडते आणि पहाटे चादर लागते.

यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच : जमिनीलगत झडपा, माथ्याशी झडपा. संध्याकाळी दोन्ही उघडायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या. पंखा नको, वीज नको.

दुसरी गुरू सुगरण. तुमच्या विहिरीवरच्या बाभळीला खोपे असतील. बहुतेक खोपे झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला लटकलेले असतात, कारण पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि झाडच त्याला आडवं होतं. शिवाय आत जायची वाट खालून, लांब नळीतून, म्हणून पाऊस आत शिरत नाही. तुमचं दार पूर्वेला घ्या आणि त्याच्यापुढे खोल ओटा काढा. पश्चिम-नैऋत्येची भिंत आंधळी ठेवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. हा निवारा रात्रीचा आहे. दिवसभर माणसं डोंगरात असणार. दीड फुटी दगडमातीच्या भिंतीत दुपारचं ऊन मुरतं आणि आठ-दहा तासांनी आतल्या बाजूला पोचतं, म्हणजे नेमकं झोपायच्या वेळी. डिसेंबरात ही ऊब हवीशी वाटेल, मे महिन्यात नाही. म्हणून सगळ्या भिंती जाडजूड करू नका. उन्हाळ्यात आपली माणसं कुठं झोपतात? अंगणात, बाजेवर. ओटाच एवढा मोठा करा की चार बाजा मावतील.

माळावरचा

ताई, रात्रीच्या निवाऱ्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. काच काढली. पण मन सूर्यास्तात अडकलंय, खोटं कशाला बोलू. चालून आलेल्या माणसानं दरी बघायची कुठून?

आणि उधईचं काय? आमच्या जुन्या गोठ्याची खांडं उधईनं आतून पोकळ केली होती. वरून धडधाकट दिसायची, टिचकी मारली की भुसा.

रेषा_आणि_भिंत

सूर्यास्तासाठी खोली कशाला हवी? कडेला एखादं कडुलिंबाचं झाड असेल तर त्याला दगडी पार बांधा. चैत्रात बाकीचं रान उघडंबोडकं होतं तेव्हा लिंब नव्या पालवीनं भरलेला असतो. संध्याकाळी सगळे मुक्कामी तिथं एकत्र बसतील, हे तीन काचांमागे तीन टोळकी बसण्यापेक्षा बरं.

बांबू_नांदेड

उधईबद्दल मी सांगतो, बांबूचं काम करतो.

आपल्याकडे मानवेल जातीचा बांबू मिळतो. जाड भिंतीचा, जवळपास भरीव, छपराच्या कामाला उत्तम. तीन वर्षांचा झालेलाच तोडायचा. पावसाळ्यात तोडू नका, तेव्हा त्यात साखर आणि पिठूळपणा जास्त असतो आणि भुंगा त्यासाठीच येतो. दिवाळीनंतर, थंडीत तोडा. पेरं आतून सळईनं फोडून घ्या आणि बोरॅक्स व बोरिक ॲसिड तीनास दोन या प्रमाणात घेऊन पाण्यात साधारण पाच टक्क्यांचं द्रावण करा. त्यात बांबू आठ-दहा दिवस पूर्ण बुडवून ठेवायचा, मग सावलीत उभा करून वाळवायचा. उन्हात टाकला की तडकतो.

हे औषध पावसानं धुऊन जातं, म्हणून बांबूवर थेट पाऊस पडता कामा नये. वळचण तीन फूट तरी बाहेर काढा. आणि बांबूचा पाय मातीत पुरायचा नाही, दगडावर बसवायचा. दगडी जोतं दीड-दोन फूट उचललं तर उधईनं मातीची नळी वर चढवलेली दिसते आणि झाडूनं पाडता येते. उधई दिसली तर अर्धी लढाई जिंकली.

२०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघालाय, त्यामुळे शेतकऱ्याच्या बांधावरचा बांबू घ्यायला अडचण नाही. बाहेरून लाकूड आणण्यापेक्षा गावातल्याच एखाद्याचा घ्या.

किल्लारीचा

धागा वाचत होतो, लिहावं की नको असं झालं. पण दगडी भिंतीचं नाव निघालं म्हणून लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. आमच्या घरातली तिघं गेली. धक्का मोठा होताच, पण माणसं मेली ती घराखाली मेली. आमच्या भागातली घरं म्हणजे दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या दगडी भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे दगडगोट्यांचा आणि मातीचा भराव. दोन थरांना एकमेकांशी बांधणारा एकही लांब दगड नाही. गोटे गोल, चिखलात बसवलेले. वर माळवद. लाकडं, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गळायला लागलं की दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. जुनी काढायची कोणी? असं करत करत छप्पर दीड-दोन फूट जाड झालेलं.

पुढे मी स्थापत्याचा डिप्लोमा केला तेव्हा पहिला हिशोब हाच केला. दीड फूट माती म्हणजे एका चौरस मीटरवर सातशे किलोच्या पुढे. तीस चौरस मीटरची खोली धरली तर डोक्यावर एकवीस टन. त्याच्याखाली आम्ही झोपत होतो.

माळवद गार असतं म्हणून हल्ली लोक त्याचं कौतुक करतात. गार असतं हे खरंच आहे. मी त्याच्याखालीच वाढलो. पण तुमच्याकडे कोणी 'पारंपरिक माळवद करा' म्हणालं तर ऐकू नका, हात जोडून सांगतो. जड जे काही असेल ते खाली ठेवा, डोक्यावर हलकं ठेवा.

आणखी एक. बऱ्याच घरांत भिंती बाहेर कोसळल्या तरी लाकडी खांब आणि तुळयांचे खण उभे राहिले होते. त्या खणाखाली जे होते त्यातले काही वाचले. म्हणजे छपराचा भार भिंतीवर नको, खांबांवर घ्या. भिंत नुसती आडोशाला. दगडी भिंत करायचीच तर तीन फुटांपर्यंत, चपट्या, कोनदार दगडाची, दर दोन-तीन फुटांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड घालून, आणि कोपऱ्यात तर नक्की.

माळावरचा

दादा, काय लिहू? वाचून बराच वेळ नुसता बसून राहिलो. वडलांना वाचून दाखवलं. आमच्या जुन्या वाड्याला अजून माळवद आहे, त्यावरची माती या उन्हाळ्यात उतरवायची असं ते लगेच म्हणाले. निवाऱ्यांचं पुढं बघू, ते काम आधी.

किल्लारीचा

हे वाचून बरं वाटलं. मजुरांना एका बाजूनं उतरवायला लावू नका, दोन्ही अंगांनी सारखं उतरवत या.

मातीची_लेक

कुडाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. जालन्याकडची आहे, आईबरोबर लहानपणापासून मातीकाम केलंय.

तीन फूट दगडी भिंत आणि त्यावर कुड, हे सगळ्यात बसतं. हलकं, स्वस्त, आणि पडलं तरी माणूस मरत नाही. तुऱ्हाट्या तुमच्याकडे भरपूर असतील, तूर झोडपली की लोक जाळून टाकतात. बांबूच्या पट्ट्यांची चौकट करायची, तुऱ्हाट्या उभ्या रचून घायपाताच्या दोरीनं घट्ट आवळायच्या, मग दोन्ही बाजूंनी लिंपायचं.

लिंपणाचा चिखल त्याच दिवशी कालवून चालत नाही. पांढरी माती, गव्हाचा भुसा, शेण एकत्र करून आठ-दहा दिवस मुरू द्यायचं, रोज पाणी शिंपडून पायानं तुडवायचं. भुसा कुजला की चिखलाला लोण्यासारखा चिकटपणा येतो, वास येतो तो दोन दिवसांत जातो. नुसती काळी माती घेतली तर वाळताना भेगांची जाळी होईल. काळ्या मातीत पायाही घेऊ नका, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तुमचा मुरूम आहे, नशीबवान आहात.

वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात संशोधकांना भांगेच्या झाडाचे तंतू आणि तुकडे सापडलेत, आणि त्यामुळे किडीपासून तो गिलावा बचावला असं त्यांचं म्हणणं आहे. तेराशे-चौदाशे वर्षं टिकलेलं लिंपण आपल्याच जिल्ह्याशेजारी आहे! भांग लावायला कायद्याची आडकाठी, पण आपल्याकडे अंबाडी आहे. भाजी खाऊन उरलेल्या अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, काढून बोटभर लांबीचे तुकडे चिखलात मिसळा. आई हेच करायची. आमच्या कुडाला भेग पडलेली मला आठवत नाही.

दरवर्षी दिवाळीआधी एक हात सारवण लागेल. ते काम गावातल्या बायकांना मजुरी देऊन द्या. फुकटात 'कार्यशाळा' म्हणून करून घेऊ नका, एवढी विनंती.

लातूरची_सून

सगळं छान चाललंय, पण पाणी? मी २०१६ सालच्या उन्हाळ्यात लातुरात होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे यायची तेव्हा. तेव्हापासून कुठल्याही घराचा नकाशा दिसला की मी आधी टाकी शोधते.

हिशोब अवघड नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वळचणीसकट तुमचं छप्पर तीस चौरस मीटर धरू. वर्षाला ६०० मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं समजलं, तर १४,४०० लिटर. दुष्काळात ४०० मिमी पडला तर ९,६०० लिटर. आता खर्च. संडास कोरडा, म्हणजे पाण्याऐवजी राख टाकायचा, ठेवला तर एका मुक्कामी माणसाला पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं मिळून वीस लिटर पुरतात. चार जणांचे ऐंशी. आठवड्यातून दोन रात्री माणसं आली तर १६० लिटर. म्हणजे दुष्काळी वर्षातही त्याच छपराचं पाणी साठ आठवडे पुरतं, फक्त ते साठवलं पाहिजे. अडीच मीटर व्यासाची, दोन मीटर खोल फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपलेली, टाकी केली की पावणेदहा हजार लिटरच्या वर बसतं. झाकण घट्ट, आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची सोय.

रोज माणसं आली तर मात्र हे गणित मोडतं. म्हणून मुक्कामाच्या रात्री टाकीवर ठरवा. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की नोंदणी बंद, असा फलकच लावा. विंधन विहीर घेऊ नका. गावाच्या तोंडचं पाणी ओढून चालणाऱ्यांना आंघोळ घालणं मला पटत नाही.

रेषा_आणि_भिंत

लातूरच्या ताई, नमस्कार करते तुम्हाला. यातून एक पेच उभा राहतो तो सांगते. गवताचं किंवा पाचटाचं (उसाच्या वाळल्या पाल्याचं) छप्पर सगळ्यात गार, पण त्यावरून येणारं पाणी पिवळं-तांबडं आणि कचऱ्याचं, पिता येत नाही. पत्र्यावरचं पाणी स्वच्छ, पण पत्रा तापतो.

तोडगा म्हणजे दोन छपरं. वर हलका पत्रा, त्याला चुन्याचा पांढरा हात. त्याखाली फूटभर मोकळी जागा, दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी, वारा आरपार. खाली बांबूच्या तट्ट्या आणि त्यावर फक्त दोन इंच मातीचा थर. किल्लारीच्या दादांनी हिशोब तपासावा, माझ्या मते चौरस मीटरला ऐंशी किलो होतं.

किल्लारीचा

बरोबर आहे, ऐंशीच्या आसपास. खांब आणि बांधणी नीट असेल तर चालेल. मातीच्या जागी तट्ट्यांवर पाचटाचे पेंढे टाकले तर आणखी हलकं.

कोयत्याची_पोर

पाचटाचं नाव निघालं म्हणून मीबी लिहायलो. आमचं गाव पाटोद्याच्या शेजारीच, शिरूर तालुक्यात. आई-बाप तीस वर्षं ऊसतोडीला जायले. दिवाळी झाली की मुकादमाच्या ट्रकात बसायचं अन् उन्हाळा लागल्यावर परत. मी बारा वर्षांचा होईस्तोवर दरसाल पाच महिने कोपीत राहिलो. म्हणून कोपीचं मला ठाऊक आहे.

कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या वाकवून त्याच्या कमानी जमिनीत रोवायच्या, आडव्या काठ्या बांधायच्या अन् त्यावर पाचट अंथरायचं. आई अन् बाप दोघंच दोन तासांत उभी करायचे, तेबी दिवसभर ऊस तोडल्यावर. पाचट वरनं खाली न्हाई, खालनं वर अंथरीत जायचं, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो अन् पाणी आत येत न्हाई. पाठ वाऱ्याकडं, तोंड वाऱ्याच्या उलट. सुगरणीचं सांगितलं ना ताईनं, आमच्या आईला ते कुणी शिकवलं न्हवतं, पण ती तसंच करायची. कमान असल्यामुळं वारं वरनं घसरून जातं. शेजारच्या पत्र्याची शेड उडालेली म्या पाहिली, कोपी न्हाई उडाली.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे जाळ. कोपीत चूल पेटवतेत अन् कोप्या जळतेत. आमच्याच तळावर एका रांगेत चार जळाल्या, एका घरचं लेकराचं कपड्याचं गाठोडं सुद्धा उरलं न्हाई. पाचट छपरात घ्यायचं तर चूल लांब, वीस पावलं तरी, अन् बिडी-सिगारेट बंद. पाचटावरून चिखलाचा हात फिरवला तर जाळ लवकर धरत न्हाई.

दुसरी गोष्ट मनातली. शहरातल्या लोकायला कोपी लई छान वाटंल. पण आमच्यासाठी ती मजबुरी होती. आई रात्री उठून पाचटातून विंचू झटकायची. तुम्ही कोपीवरून शिका, नक्की शिका, त्यात अक्कल आहे. फकस्त 'ऊसतोड अनुभव' म्हणून पाटी लावू नका. अन् बांधायला ज्या बायामाणसांना येतं त्यायला बोलवा, मिस्त्रीला जेवढा रोज देता तेवढा द्या. माझ्या आईनं आयुष्यात शेकड्यानं कोप्या बांधल्या असतील, तिला कारागीर म्हणून कुणी एक रुपया दिला न्हाई.

गौताळाकर

या धाग्यावरचा सर्वांत मोलाचा प्रतिसाद. भाऊ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

मातीची_लेक

माझाही.

माळावरचा

मी त्याच तालुक्याच्या शेजारचा, दर दिवाळीनंतर गाव रिकामं होताना बघत मोठा झालो, आणि परदेशी केबिनचे फोटो जमवत बसलो. दादा, तुमच्या आई येतील का? मिस्त्रीचा रोज, जायचं-यायचं भाडं आणि जेवण. आणि पाटीवर त्यांचं नाव, त्यांची हरकत नसेल तर. तुमचं सांगणं मी एका शब्दानंही विसरणार नाही.

रानवाटा

मी पक्षी आणि गवताळ माळांची निरीक्षणं करते. थोडं कडू बोलते, राग मानू नका. 'नुसतं गवत' हे शब्द काढून टाका. तिथं कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं असतील तर ते जिवंत रान आहे. चंडोल जमिनीवर अंडी घालतात, खोकड बिळं करतं, लांडगा याच माळांवर पिल्लं वाढवतो. नायगावचं मोरांचं अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. यवतमाळकडच्या टिपेश्वरचा वाघ २०२१ मध्ये चालत कन्नडजवळच्या गौताळ्यात पोचला, पुढे धाराशिवकडच्या येडशीच्या रामलिंग घाटातही वाघ दिसला. ते या तुटक-तुटक रानांतूनच आले ना? मधल्या प्रत्येक तुकड्याला किंमत आहे.

म्हणून तीन निवारे माळभर पसरू नका. बांधाजवळ, जुन्या खळ्याच्या जागी, एकमेकांना लागून बांधा. तारेचं कुंपण नको. बाहेर दिवे लावू नका, लागलाच तर वरून झाकलेला, जमिनीकडे पाहणारा, पिवळसर. गाडीचा रस्ता दारापर्यंत आणू नका, शेवटची दहा मिनिटं चालू द्यात. काच गेली याचा मला खरा आनंद झाला, पाखरं काचेवर आपटून मरतात ते मी हातात घेऊन पाहिलंय. आणि कामाला सुरुवात पावसाळ्यात करू नका, तेव्हा माळावर वीण चालू असते.

संडास कोरडाच ठेवा. दोन कप्पे, एक वापरात आणि एक बंद. दरवेळी वरून राख किंवा भुसकट. लघवी वेगळी काढली की वास येत नाही. बंद कप्प्याला वर्षभर हात लावायचा नाही, मग त्याचं सोनखत होतं.

बांबू_नांदेड

हातपाय धुतलेल्या पाण्यासाठी शोषखड्डा. आमच्या जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी असे खड्डे केले आणि गावातल्या गटारी-डास संपवले. चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, तळाशी मोठे दगड, वर लहान, मधे छिद्रं पाडलेली टाकी. मुरमात तर फारच छान चालेल. त्याच्या काठी केळ लावा.

माळावरचा

गेल्या तीन आठवड्यांत काय झालं ते सांगतो.

वाड्याच्या माळवदावरची माती उतरवली. दोन्ही अंगांनी सारखी. ट्रॉलीवर ट्रॉली निघाली, वडील मोजत होते आणि मधेच मोजायचे थांबले. ती पांढरी माती वाया घालवली नाही, खळ्यावर आणून टाकलीय. कुडाच्या लिंपणाला तीच.

सांगाड्याचा विचार सोडला. आधी एकच निवारा, बारा बाय सोळा फुटांचा, जुन्या खळ्याच्या कडेला. मुरमापर्यंत पाया, दीड फूट जोतं, तीन फूट दगडी भिंत, आरपार दगड दर अडीच फुटांवर. छपराचा भार आठ खांबांवर. खांब वाड्यातलेच जुने सागवानी निघाले. वर तुऱ्हाट्यांचा कुड, दुहेरी छप्पर, पूर्वेला सात फुटी ओटा. टाकीची जागा उत्तरेला, सावलीत. पार लिंबाखाली, दरीकडे तोंड करून. शेतजमिनीवर बांधतोय, म्हणून तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे आधीच विचारणा केलीय आणि अभयारण्याची हद्दही वन विभागाकडून पाहून घेणार आहे.

परवा संध्याकाळी होकायंत्र घेऊन विहिरीवर गेलो. बाभळीला गेल्या पावसाळ्यातले जुने खोपे अजून लटकलेत. अकरा मोजले. नऊ पूर्वेच्या अंगाला होते. लहानपणापासून त्या बाभळीखाली पोहायला उतरतोय, कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

चिखल कालवून सहा दिवस झाले, वास सुटलाय. वाख मातीच्या ताईंनी सांगितला तसा बोटभर तोडून घातलाय. येत्या रविवारी कुड बांधायला घेतोय. ज्यांना जमेल त्यांनी या. जेवण आमच्याकडे, भाकरी आणि हुलग्याचं माडगं.

कोयत्याची_पोर

येतो. आईला विचारलं, ती म्हणली, 'पाटीवर नाव कशाला, पर येते.' तिनं निरोप सांगितलाय : पाचट ओलं आणून ठेवू नका, आतून कुजतं. अन् कामट्या आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवा, न्हाईतर वाकवताना मोडतील.